पाया कुणाच्या जागेवर?

या आठवड्याचा लेख एक दिवस उशिरा येतोय, कारण अख्खा शनिवार भांडणात गेला. भांडण कशावरून? उबुंटू की डेबियन. हसू नका. पाच जाणती माणसं, त्यातली तीन लग्न झालेली, बाणेरच्या एका फ्लॅटमध्ये दुपारी दोनपासून रात्री अकरापर्यंत यावरून भांडत होती. वहिनींनी दोनदा चहा दिला, तिसऱ्यांदा दिला नाही.

तर झालं असं. आम्ही पाचही जण खान्देशातले. एक दोंडाईच्याचा, एक नरडाण्याचा, दोघं धुळ्याचे आणि मी खास शिंदखेड्याचा. दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा एका ओळखीच्या सरांनी शाळेची संगणक-खोली दाखवली. बारा यंत्रं. त्यावर विंडोज १०, आणि त्याचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला रीतसर टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. शाळेतली बहुतेक यंत्रं चौथ्या पिढीतली. चालू आहेत, पंखे आवाज करतात पण चालू आहेत. दुकानदाराने नव्या बारा यंत्रांचं कोटेशन देऊन ठेवलं होतं. सरांनी तो कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला होता, लग्नपत्रिका ठेवतात तसा.

पुण्याला परत येताना गाडीतच ठरलं की आपण खान्देशातल्या शाळांसाठी स्वतःची लिनक्स डिस्ट्रो काढायची. मराठी, मोफत, जुन्या यंत्रांवर चालणारी. नाव ठरवण्यात तीन आठवडे गेले. लोगोत केळीचं पान टाकलं, त्यावर दोंडाईचेकर चिडला, की केळी जळगावची, आमच्याकडे मिरची. हे सगळं झालं, आणि डिस्ट्रो कशावर उभी करायची हा प्रश्न कुणी काढलाच नव्हता! तो शनिवारी निघाला.

आता जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. लिनक्स म्हणजे फक्त कर्नल. त्यावर हजारो सुटी सॉफ्टवेअर्स लागतात, ती एकमेकांशी जुळवावी लागतात, कुठे भोक सापडलं की त्याच दिवशी बुजवून सगळ्यांपर्यंत पोचवावं लागतं. हे काम जी मंडळी करतात त्यांच्या बांधलेल्या गाठोड्याला डिस्ट्रो म्हणायचं. आमच्यासारखे पाच जण जेव्हा 'नवी डिस्ट्रो' काढतात, तेव्हा यातलं जवळजवळ काहीच करत नाहीत. ते दुसऱ्याचं गाठोडं घेतात, त्यात फॉन्ट घालतात, वॉलपेपर बदलतात आणि नाव देतात. हे मी टोचून बोलत नाहीये, जगातल्या बहुसंख्य डिस्ट्रो अशाच आहेत. पण मग पाया निवडणं हाच खरा निर्णय उरतो. बाकी सगळा रंग.

आणि त्या निर्णयाचा निकष आमच्यातल्या कुणी सांगितला नाही, सरांनी सांगितला. मी त्यांना पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवत होतो. त्यांनी शांतपणे सगळं बघितलं, फॉन्ट मोठा करून मागितला, आणि विचारलं, "पण हे किती दिवस चालीन भाऊ? आन तुम्ही नसले तं?"

आमच्या शनिवारच्या नऊ तासांत रॅम किती खातं, बूट किती सेकंदात होतं, दिसायला कोण छान, हे सगळं निघालं. "तुम्ही नसले तं" हे मी चार वेळा काढलं, आणि चारही वेळा मला 'तत्त्वज्ञान नको' असं ऐकवण्यात आलं. म्हणून हा लेख. इथे तरी मला कुणी मधे तोडणार नाही :-)

आधी उबुंटूबद्दल, कारण आमच्यातले तिघं त्या बाजूला आहेत, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. माझं स्वतःचं पहिलं लिनक्स उबुंटूच. २००६ साली फॉर्म भरला आणि काही आठवड्यांनी शिंदखेड्याच्या पोस्टमनने युरोपातून आलेलं पाकीट घरी आणून दिलं. आत उबुंटू ६.०६ च्या सीड्या. फुकट! पोस्टेजसुद्धा त्यांचंच. वडिलांना वाटलं, पोराने काहीतरी भानगड केली. त्या काळी डायल-अपवर सातशे एमबी उतरवणं म्हणजे स्वप्नच, त्यामुळे शिपइट नावाच्या त्या योजनेने गावोगावच्या किती पोरांना या नादाला लावलं असेल, देव जाणे. माझ्याकडे त्यातली एक सीडी अजून आहे.

पण ती योजना एप्रिल २०११ मध्ये बंद झाली. कॅनॉनिकल कंपनीने सुरू केली होती, कॅनॉनिकलने बंद केली. त्यात गैर काही नाही, पैसे त्यांचे होते. माझा मुद्दा एवढाच की उबुंटूतली कुठलीही महत्त्वाची गोष्ट शेवटी अशीच आहे. एप्रिल २०२२ च्या २२.०४ मध्ये फायरफॉक्स स्नॅप पद्धतीने आला, नेहमीच्या मार्गाने बसवायला गेलात तरी मागून स्नॅपच बसणार. जुन्या यंत्रावर पहिल्यांदा उघडायला तो वेळ लावतो अशी ओरड तेव्हा जगभर झाली. नंतर त्यात सुधारणाही झाली. पण स्नॅप ज्या दुकानातून येतात त्याचा सर्व्हर फक्त कॅनॉनिकलचा, आणि त्याचा कोड बंद. फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झालं की कुबुंटू, झुबुंटू वगैरे उपशाखांनी स्नॅपचा प्रतिस्पर्धी फ्लॅटपॅक आधीपासून घालून द्यायचा नाही. उपशाखांनी मान्य केलं. न करून जातील कुठे? या उपशाखा स्वयंसेवकांनी चालवलेल्या आहेत, अगदी आम्ही पाच जण चालवू तशाच. घर त्यांचं, प्लॉट दुसऱ्याचा.

सगळ्यात बोलकी गोष्ट मिंटची. उबुंटूवर उभी असलेली, समाजाने चालवलेली सगळ्यात लोकप्रिय डिस्ट्रो कुठली म्हणाल तर मिंट. २०२० मध्ये त्यांनी स्नॅप आपोआप बसू नये म्हणून चक्क कडी लावली. आणि २०१० पासून ते डेबियनवर बांधलेली एक वेगळी आवृत्तीही सांभाळतात, एलएमडीई. कशासाठी? उद्या उबुंटू नाहीसं झालं तर आपलं काम थांबू नये म्हणून. हे ते स्वतः लिहितात. ज्यांचं पोट उबुंटूवर आहे त्यांनी पंधरा वर्षं दारात होडी बांधून ठेवली आहे, आणि आमचे तिघे म्हणतात पूर येणारच नाही.

पूर कसा येतो ते बघायचं तर सेंटओएस बघा. तुमच्यापैकी निम्म्यांनी ऑफिसात ते वापरलं असेल. २००४ च्या सुमारास स्वयंसेवकांनी सुरू केलेलं, रेड हॅटच्या महागड्या लिनक्सचं जसंच्या तसं मोफत रूप. २०१४ च्या जानेवारीत रेड हॅटने या प्रकल्पाला आपल्या पंखाखाली घेतलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलर देऊन रेड हॅटच विकत घेतली. आणि ८ डिसेंबर २०२० ला घोषणा झाली की सेंटओएस ८, ज्याला २०२९ पर्यंत आधार मिळेल असं धरून लोकांनी सर्व्हर उभे केले होते, ते २०२१ अखेर बंद. आठ वर्षांचं एक झालं. मग रॉकी आणि अल्मा हे दोन वारस निघाले. जून २०२३ मध्ये रेड हॅटने मूळ सोर्स उघडपणे देणंही आवरतं घेतलं, पुढच्याच महिन्यात अल्माने हुबेहूब नक्कल करण्याचा नाद सोडला. यात बेकायदा काहीच घडलं नाही, हे लक्षात घ्या. माझा राग रेड हॅटवर नाहीच. पुण्यातल्या त्यांच्या मंडळींनी मराठीसाठी जे केलं त्याबद्दल खाली येतोच. मला राग आहे तो "एवढी मोठी कंपनी मागे आहे, चिंता कशाला" या वाक्याचा. मागे कंपनी असणं हीच तर चिंता.

आर्चवाल्या मित्रासाठी दोन ओळी. अरे बाबा, तुझ्या लॅपटॉपवर रोज अपडेट येतं आणि रविवारी तू दोन तास बसून मोडलेलं जोडतोस, त्यात तुला आनंद आहे. सरांना नाही. फेडोरा चांगली आहे, पण एक आवृत्ती जेमतेम तेरा महिने टिकते. शाळेचं वर्ष संपून दुसरं सुरू होईतो परत सगळं नव्याने.

"मग सरकारी बॉसचं काय झालं?" असं धुळेकर विचारत होता. बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टम सोल्यूशन्स. सी-डॅकने चेन्नईत बांधलेली, २००७ मध्ये पहिली आवृत्ती, मराठीसकट भारतीय भाषा. तिचा पाया डेबियनच! म्हणजे पायाच्या बाबतीत त्यांचं अगदी बरोबर होतं. पण पाया बरोबर असला म्हणून घरात माणसं राहायला येत नाहीत. माझ्या मते ती कायम 'त्यांची' राहिली, एका संस्थेने बनवून खाली दिलेली. आजवर मला एकही शाळामास्तर भेटला नाही ज्याला तिच्यातली चूक कुठे कळवायची ते ठाऊक होतं. उलट उदाहरण केरळचं. तिथल्या शाळांतली लिनक्स उबुंटूवर उभी आहे, २०१९ मध्ये दोन लाखांवर संगणकांवर ती टाकायची म्हणून सांगितलं गेलं, आणि परवान्यांचे ३००० कोटी वाचतील असा त्यांचा दावा होता. तिघांचा हा हुकमी पत्ता. मान्य! पण केरळात काईट नावाची सरकारी संस्था आहे, पगारी माणसं आहेत, शिक्षकांचं प्रशिक्षण आहे, पाठ्यपुस्तकात तीच सॉफ्टवेअर्स आहेत. उबुंटूने उद्या काही उलटसुलट केलं तर ते निस्तरायला त्यांच्याकडे माणसं आहेत. आमच्याकडे पाच जणांच्या शनिवार संध्याकाळ आहेत, त्यातल्या दोन पुढच्या वर्षी जर्मनीला जाणार आहेत.

आता डेबियन. इयान मरडॉकने ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केलं, बायको होणाऱ्या डेब्राचं आणि स्वतःचं नाव जोडून. (पुढे त्यांचा घटस्फोट झाला, २०१५ मध्ये तो गेला, डेबियन चालू आहे. सरांच्या "तुम्ही नसले तं"चं यापेक्षा सरळ उत्तर मला सापडत नाही.) डेबियन ही कंपनी नाही. पैसे आणि नाव सांभाळायला अमेरिकेत एक ना-नफा संस्था आहे, पण निर्णय घेतात ते जगभरचे हजारेक डेव्हलपर, मतदानाने. १९९७ पासून त्यांचा लिखित सामाजिक करार आहे. प्रकल्पप्रमुख दर वर्षी निवडला जातो. ३४ अब्ज सोडा, ३४ खर्व दिलेत तरी विकत घ्यायला समोर कुणी बसलेलंच नाही.

भांडतात म्हणाल तर आम्हा पाचांपेक्षा कैक पटीने. २०१४ मध्ये सिस्टमडीवरून इतकं पेटलं की काही जण वेगळे होऊन त्यांनी डेवुआन काढलं. पण ते भांडण कुणालाही वाचता येतं, आणि शेवटी मोजणी होते. "डेबियनवर वायफाय चालत नाही" हे आमच्या दोंडाईचेकराचं कॉलेजपासूनचं पालुपद. बरोबर होतं, कंपन्यांचं बंद फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घालायचं नाही असा तत्त्वाचा हट्ट होता. २०२२ मध्ये त्यावर मतदान झालं, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर सोबतच येतं. त्याला हे शनिवारी कळलं. पंधरा वर्षांपूर्वीच्या जखमेवरून तो आज शाळेचा पाया ठरवत होता.

आणि आता माझा खरा मुद्दा, तो मराठीचा आहे. शाळेत मुलं जो 'ल' आणि 'श' गिरवतात ते हिंदीतल्यापेक्षा वेगळे. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात ते नीट सांगितले आहेत, पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श. पण देवनागरीचा कुठलाही फॉन्ट लावला की बऱ्याचदा पडद्यावर हिंदी वळणाचे येतात. तिसरीतल्या पोराला पुस्तकात एक ल आणि संगणकावर दुसरा. तुम्हाआम्हाला क्षुल्लक वाटेल, सरांना नाही वाटत, त्यांनी पेनड्राइव्ह लावल्यावर पहिल्यांदा बोट ठेवलं ते तिथेच.

याला उत्तर आहे, आणि ते बऱ्याच अंशी पुण्यातच तयार झालेलं आहे. लोहित फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवले (हो, श्रीलिपीवाले तेच), रेड हॅटने ते २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले आणि पुढे त्यांच्या पुण्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं सांभाळले. त्यात मराठीसाठी वेगळा फॉन्ट आहे आणि तो डेबियनमध्ये आहे. म्हणजे काम उरलं ते एवढंच की भाषा मराठी निवडली की तोच फॉन्ट आपोआप पुढे यावा. एका छोट्या फाइलचं काम. आता ती फाइल ठेवायची कुठे? आमच्या केळीच्या पानाच्या डिस्ट्रोत ठेवली तर शिंदखेड्याच्या बारा यंत्रांवर ल सुधारेल, आणि आमचा उत्साह संपला की परत बिघडेल. तीच फाइल डेबियनमध्ये गेली तर उबुंटू दर सहा महिन्यांनी डेबियनमधून पॅकेजं उचलतंच, उबुंटूमधून मिंटमध्ये जाते, आणि नागपूरला बसलेल्या, आपलं नावही न ऐकलेल्या बाईंच्या पडद्यावर ल बरोबर येतो. पाटाचं पाणी वरून खाली येतं. खालच्या चारीला बांध घालून वरचं शेत भिजत नाही, हे पांझराकाठच्या पोरांना मी सांगावं?

हाच हिशोब अहिराणीला. अहिराणीला आंतरराष्ट्रीय भाषासंकेत मिळालेला आहे, एएचआर. ग्लिबसीच्या भाषायादीत मैथिली आहे, भोजपुरी आहे, छत्तीसगढी आहे. अहिराणी मी शोधली, मिळाली नाही. ती कुणी का घातली नाही? कारण आम्ही लोगो करत होतो.

म्हणून माझं म्हणणं शनिवारी नऊ वाजता एक पायरी पुढे गेलं, आणि तिथे खरा दंगा झाला. मी म्हटलं, डेबियनवर डिस्ट्रो काढायचीच नाही. डेबियनच बसवायचं. आपलं जे काय मराठी-अहिराणी-शाळा आहे ते पॅकेजं करून डेबियनच्या आत न्यायचं. ही वाट नवी नाही. नॉर्वेच्या मंडळींनी २००१ मध्ये स्कोलेलिनक्स म्हणून शाळांसाठी काम सुरू केलं, ते पुढे डेबियन-एज्युमध्ये मिळालं आणि आज डेबियनचाच भाग आहे. शाळेचा सर्व्हर, मुलांची खाती, सगळं तयार. आपण फक्त मराठीकडून जाऊन मिळायचं. २०२३ च्या सप्टेंबरात त्यांचं जागतिक संमेलन कोचीला भरलं होतं, म्हणजे माणसंही फार लांब नाहीत.

"मग आपलं काय राहिलं?" नरडाणेकर म्हणाला. त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, खरंच. संकेतस्थळाचं डोमेनही त्याने स्वतःच्या पैशाने घेतलंय.

एक गोष्ट त्यांनी माझ्या तोंडावर मारली, ती इथे लपवत नाही. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ ने ३२-बिट यंत्रांसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणं थांबवलं. शाळेतल्या बारांपैकी दोन तसली आहेत, कुणा दात्याने दिलेली पेंटियम ४. म्हणजे तुझ्या लाडक्या डेबियननेही भंगार केलंच ना? केलं. त्यावर माझ्याकडे विजयी उत्तर नाही. एवढंच सांगतो की ते कुणा संचालक मंडळात ठरलं नाही. जुन्या यंत्रांसाठी काम करणारे हात कमी पडत गेले, हे वर्षानुवर्षं उघडपणे बोललं जात होतं, आणि त्या यादीत कुणीही जाऊन 'मी करतो' म्हणू शकत होता. आमच्यातला कुणी गेला नाही. त्या दोन यंत्रांसाठी काही काळ डेबियन १२ चालेल, मग नाही. सरांना हे आधीच सांगणार आहे.

आमच्याकडे काळ्या मातीत घर बांधताना गवंडी मुरूम लागेपर्यंत खणतो. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा गिलावा कितीही चांगला असो, भिंत तडकते. खणण्याचे पैसे देताना प्रत्येक मालक कुरकुरतो, कारण ते काम नंतर कुणाला दिसत नाही. शनिवारी तेच चाललं होतं.

रात्री अकराला मत घेतलं. तीन विरुद्ध दोन, डेबियन! नरडाणेकर फुटला, डोमेनवाला. म्हणाला, "सरांना मी 'दोन वर्षांनी परत येऊन बसवतो' असं नाही सांगू शकत." डिस्ट्रो न काढण्याचा माझा ठराव मात्र चार विरुद्ध एक असा पडला. तडजोड अशी, की फॉन्टची फाइल आधी डेबियनकडे पाठवायची, आणि ती स्वीकारली जाईपर्यंत वेगळ्या नावाची आयएसओ काढायची नाही. अहिराणीचं काम माझ्या गळ्यात आलं. आठवड्याच्या वारांची नावं गोळा करतोय. शिंदखेडा, साक्री आणि चाळीसगावकडे ती वेगवेगळी बोलत असतील तर कळवा, प्रतिक्रियांत लिहा.

पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने धुळं, तिथून एसटी. दहा यंत्रं, दोन पेनड्राइव्ह. लोगोवर अजून एकमत नाही, दोंडाईचेकर मिरचीवर अडून बसला आहे.